मुक्त स्रोत इंजिन आणि विंडोजपलीकडचे गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्याने किंवा चार-दोन जणांच्या चमूने गेम तयार करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत आणि पुढचे गेम हाती तयार असलेल्यांचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेम तयार करायला इंजिन लागतेच का? सगळे स्वतः लिहिले तर चालणार नाही का?

चालेल, पण त्यात किती काम आहे ते आधी पाहावे. खिडकी उघडणे, चित्रे पडद्यावर काढणे, आवाज वाजवणे, कीबोर्ड आणि कंट्रोलर ओळखणे, वस्तूंची टक्कर तपासणे ही कामे प्रत्येक गेमला करावीच लागतात, आणि ती एकदा नीट करून ठेवलेल्या संचाला इंजिन म्हणतात. इंजिन आणि कोरा कागद यांच्या मधलाही एक मार्ग आहे. सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली एसडीएल ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, खिडकी, इनपुट आणि आवाज एवढे सांभाळते आणि बाकीचे तुमच्यावर सोडते. २०१३ पासूनची रेलिब थोडी अधिक मदत करते आणि शिकण्यासाठी उत्तम आहे. पहिला गेम मात्र पूर्ण इंजिन घेऊनच करावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण स्वतःचे इंजिन लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण इंजिनच लिहीत राहतात.

२. फुकट इंजिन आणि ओपन सोर्स इंजिन एकच ना?

नाही, आणि हा फरक पुढे महागात पडू शकतो. ओपन सोर्स, म्हणजेच मुक्त स्रोत, असेल तर इंजिनचा मूळ कोड वाचण्याची, बदलण्याची, बदललेली प्रत वाटण्याची आणि कोणत्याही कामासाठी वापरण्याची परवानगी परवान्यातच दिलेली असते, आणि ती मागे घेता येत नाही. अनरियल या व्यावसायिक इंजिनचा कोड अटी मान्य केल्यावर पाहता येतो, परंतु गेमचे उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेले की त्यावर ५ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे लागते. म्हणजे कोड दिसतो, पण इंजिन ओपन सोर्स नाही. डिफोल्ड या इंजिनचे उदाहरण अधिक बारीक आहे. २०२० मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि तो एका प्रतिष्ठानाकडे सोपवला गेला. त्याचा परवाना अपाचे परवान्यावर आधारलेला असला तरी इंजिनच विकण्यास त्यात मनाई आहे, त्यामुळे काटेकोर व्याख्येत ते बसत नाही. गेम करणाऱ्याला या अटीचा त्रास होत नाही, आणि मी डिफोल्डची शिफारस निःसंकोच करतो. फक्त आपण कोणत्या अटींखाली काम करतो आहोत हे माहीत असावे.

३. मग मी कोणते इंजिन घ्यावे?

दृश्य संपादकात काम करायचे असेल, द्विमितीय किंवा मध्यम आवाक्याचा त्रिमितीय गेम असेल, तर गोडो. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी अर्जेंटिनात घडवलेले हे इंजिन फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी या मोकळ्या अटींच्या परवान्याखाली खुले झाले. ४.० आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली. ब्रोटॅटो, डोम कीपर, कॅसेट बीस्ट्स हे विकले गेलेले गेम त्यावरच उभे आहेत. संपादक नको, नुसता कोड लिहायचा असेल तर लुआ भाषेतील लव्ह पाहावे. २०२४ मध्ये गाजलेला बॅलाट्रो त्यातच लिहिला आहे. संवाद आणि पर्यायांवर चालणाऱ्या कथेसाठी रेनपाय वापरावे, तेथे दुसऱ्या कशाचा विचारच करू नये. सी-शार्प येत असेल आणि द्विमितीय गेम असेल तर मोनोगेम किंवा एफएनए. एफएनएबद्दल प्रश्न १४ मध्ये आणखी लिहिले आहे. रस्ट भाषेची ओढ असेल तर बेव्ही आहे, मात्र त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत जुना कोड बदलावा लागतो, हे ठाऊक ठेवून उतरावे.

निवडण्यापूर्वी एक दिवस द्यावा. त्या दिवशी एक चौकोन हलणारा, एक आवाज वाजणारा आणि एक फाइल जतन करणारा इवलासा प्रकल्प करून तो ज्या ज्या सिस्टिमवर गेम द्यायचा आहे त्या प्रत्येकीवर चालवून पाहावा. इंजिनांची तुलना करणारी दहा पाने वाचून जे कळत नाही, ते या एका दिवसात कळते.

४. सगळे शिकवणी-व्हिडिओ व्यावसायिक इंजिनांचे आहेत. ती सोडून यायचे कारण काय?

तांत्रिकदृष्ट्या कदाचित काहीच नाही. कारण आहे ते कराराचे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी या व्यावसायिक इंजिनच्या कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क आकारण्याची योजना जाहीर केली, आणि ती आधीच प्रकाशित झालेल्या गेमनाही लागू होणार होती. ज्यांनी चार-पाच वर्षे घालवून गेम पूर्ण केला होता त्यांचा हिशेब एका रात्रीत बदलला. विरोधानंतर अटी सौम्य झाल्या आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क रद्दच झाले. तरी मधल्या काळात अनेक चमूंनी इंजिन बदलले, आणि टेरारिया करणाऱ्या री-लॉजिकने गोडो व एफएनए यांना प्रत्येकी एक लाख डॉलरची देणगी दिली. एमआयटी परवान्याखाली हाती आलेल्या आवृत्तीच्या अटी कोणालाही मागाहून बदलता येत नाहीत. अर्धा झालेला गेम मात्र केवळ तत्त्वासाठी दुसऱ्या इंजिनवर नेऊ नये. तो पूर्ण करावा आणि पुढचा नव्या इंजिनवर सुरू करावा.

५. ओपन सोर्स इंजिनवर केलेला गेम विकता येतो का? माझाही कोड उघड करावा लागेल का?

एमआयटी, झेडलिब, बीएसडी, अपाचे या परवान्यांखालील इंजिन असेल तर गेम विकता येतो, कोड बंद ठेवता येतो आणि कोणालाही हिस्सा द्यावा लागत नाही. गोडो, लव्ह, रेलिब, बेव्ही आणि एसडीएल हे सगळे या गटात येतात.

एक अट मात्र बहुतेक जण विसरतात. एमआयटी परवान्यानुसार स्वामित्वहक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर गेमसोबत द्यावा लागतो. इंजिनच्या पोटात इतरांच्या लायब्ररी असतात, उदाहरणार्थ अक्षरे रेखाटणारी फ्रीटाइप, आणि त्यांच्याही सूचना द्याव्या लागतात. श्रेयनामावलीच्या पडद्यावर ‘परवाने’ असे एक बटण ठेवावे किंवा गेमच्या फोल्डरमध्ये मजकुराची फाइल ठेवावी. गोडोमध्ये हा सगळा मजकूर इंजिनकडूनच मागून घेता येतो, त्यामुळे काम अर्ध्या तासाचे आहे. जीपीएलची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न ६ मध्ये.

६. जीपीएल परवान्याचे इंजिन वापरले तर काय होते?

तर गेमचा कोडही जीपीएलखाली द्यावा लागतो, पण चित्रे, संगीत, नकाशे आणि कथा तुमच्या हक्कातच राहू शकतात. आयडी सॉफ्टवेअरने आपल्या क्वेक या गेमचा कोड १९९९ मध्ये जीपीएलखाली खुला केला. त्यावर आजही नवे गेम होतात आणि विकलेही जातात, कारण विकत घेणारा पैसे मोजतो ते त्यातील जगासाठी.

अडचण येते ती दुकानांच्या अटींशी. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत असा आक्षेप व्हीएलसी प्लेअरच्या एका हक्कधारकाने घेतल्यावर तो प्लेअर २०११ मध्ये तेथून काढला गेला होता. संपूर्ण कोड तुमचा एकट्याचा असेल तर तुम्ही तो एकाच वेळी दोन परवान्यांखाली देऊ शकता. इतरांनी पाठवलेले बदल त्यात मिसळले असतील तर प्रत्येकाची संमती लागते, म्हणून ती बदल स्वीकारतानाच घ्यावी.

७. ब्लेंडर जीपीएल आहे. मग त्यात केलेली मॉडेल्सही जीपीएल होतात का?

नाही. परवाना साधनाला लागू आहे, त्यातून निघालेल्या कामाला नाही. क्रिता आणि ऑडॅसिटी यांनाही हेच लागू होते.

८. पर्यायी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोणत्या, आणि तेथे खेळणारे आहेत तरी किती?

येथे आपण विंडोज सोडून इतर सगळ्या डेस्कटॉप सिस्टिम धरतो : लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी आणि हायकू. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा २०२४-२५ मध्ये साधारण दोन-तीन टक्के दिसत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या संगणकाचा त्यात मोठा हात आहे, कारण त्याच्यावरील स्टीमओएस हे आर्च लिनक्सवर आधारलेले आहे.

तीन टक्क्यांसाठी एवढे कष्ट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपनीसाठी उत्तर कदाचित नकारार्थी असेल. लहान गेमचे मात्र वेगळे असते, कारण ज्या सिस्टिमवर निवड थोडी असते तेथील लोक नवा गेम आवर्जून घेतात, चालवून पाहतात आणि त्याबद्दल इतरांना सांगतात. २०१० च्या पहिल्या हंबल इंडी बंडल या गेमच्या संचात किंमत ग्राहकाने ठरवायची होती, आणि लिनक्सवाल्यांनी दिलेली सरासरी रक्कम विंडोजवाल्यांपेक्षा बरीच जास्त होती. विक्रीपलीकडचा फायदा प्रश्न ९ मध्ये आहे.

९. लिनक्सचे खेळाडू फार तक्रारी करतात असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

ते तक्रारी जास्त नोंदवतात हे खरे आहे. त्यामागचे कारण गोडोवर केलेल्या ‘डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या गेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये आकड्यांसह मांडले. विक्रीत लिनक्सचा वाटा ५.८ टक्के होता आणि बगच्या नोंदींत तो ३८ टक्क्यांहून अधिक होता. पण लिनक्सवरून आलेल्या सुमारे ४०० नोंदींपैकी केवळ ३ बग फक्त लिनक्सपुरते होते. उरलेले सगळ्यांनाच सतावत होते, फक्त ते लिहून कळवण्याचे कष्ट या लोकांनी घेतले.

मला आलेला अनुभवही असाच आहे. ‘गेम बंद पडतो, पैसे परत द्या’ अशी एक ओळ आणि दुसरीकडे ड्रायव्हरची आवृत्ती, लॉग फाइल आणि नेमक्या कोणत्या पायरीवर गेम थांबतो याचे वर्णन असलेले पत्र, यांतले दुसरे कोणालाही हवेच असते. विनावेतन मिळणारी ही चाचणी लहान चमूसाठी अमूल्य आहे, आणि अशा प्रत्येक पत्राला उत्तर द्यावे.

१०. प्रोटॉनवर विंडोजचा गेम चालतोच, मग लिनक्सची वेगळी बिल्ड, म्हणजे चालवायला तयार प्रत, कशाला करायची?

प्रोटॉन हा लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या, १९९३ पासून चालत आलेल्या वाइन या प्रकल्पावर उभा आहे आणि २०१८ मध्ये तो स्टीममध्ये आला. विंडोजच्या डायरेक्ट-एक्स या ग्राफिक्स यंत्रणेच्या आज्ञांचे तो व्हल्कन या खुल्या ग्राफिक्स यंत्रणेत भाषांतर करतो आणि बहुतेक वेळा ते इतके चांगले करतो की खेळाडूला फरक कळत नाही. लिनक्सच्या बिल्डची चाचणी करायला तुमच्याकडे वेळच नसेल, तर अर्धीकच्ची बिल्ड देण्यापेक्षा प्रोटॉनवर गेम नीट चालतो एवढे तपासणे अधिक प्रामाणिक आहे. स्पर्धात्मक ऑनलाइन गेमसाठी लक्षात ठेवावे की ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या फसवणूक रोखणाऱ्या दोन्ही यंत्रणा २०२१ पासून प्रोटॉनला पाठिंबा देतात, पण तो गेमच्या निर्मात्याला स्वतः सुरू करावा लागतो.

तरीही गोडोसारखे इंजिन वापरत असाल तर खास बिल्ड द्यावी असा माझा आग्रह आहे. निर्यात एका बटणाची असते आणि स्टीमबाहेर गेम घेणाऱ्याला प्रोटॉन सहज मिळत नाही. शिवाय प्रश्न ११ आणि १२ मधले दोष त्या निमित्ताने लवकर सापडतात. शेवटच्या आठवड्यात ‘पोर्ट’ करायला, म्हणजे गेम दुसऱ्या सिस्टिमवर न्यायला, बसलात तर तोच महिनाभराचा त्रास होतो. पहिल्या दिवसापासून दोन्ही बिल्ड काढत गेलात तर त्रास जवळजवळ उरत नाही.

११. विंडोजवर सगळे ठीक आहे, पण लिनक्सवर काही चित्रे किंवा आवाज गायब होतात. का?

दहापैकी नऊ वेळा कारण फाइलच्या नावात असते. विंडोज इंग्रजी अक्षरांच्या मोठ्या-छोट्या रूपांत भेद करत नाही, लिनक्स करते. माझ्या एका गेममध्ये दुसऱ्या पातळीवरचा लाकडी पूल लिनक्सवर दिसत नव्हता. पात्र हवेत चालत पलीकडे जायचे, कारण पुलाची टक्कर-चौकट होती, फक्त चित्र नव्हते. चित्रकाराने फाइलचे पहिले अक्षर कॅपिटल ठेवले होते आणि कोडमध्ये तेच छोट्या रूपात होते. दोन दिवस मी ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये दोष शोधत होतो.

उपाय सोपा आहे : सगळ्या फाइलींची नावे छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आणि हा नियम पहिल्या फाइलपासून. विंडोजवर नाव फक्त अक्षराच्या रूपापुरते बदलले तर कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला तो बदल दिसत नाही, म्हणून आधी वेगळेच नाव द्यावे, नोंद करावी आणि मग हवे ते नाव द्यावे. मार्ग लिहिताना उलटी तिरकी रेघ कधीही वापरू नये. सरळ तिरकी रेघ विंडोजलाही समजते.

१२. एका खेळाडूकडे आवाज पूर्ण बंद होतो, कॅमेरा भलतीकडे जातो, आणि माझ्याकडे असे काहीच होत नाही. हे काय आहे?

त्या खेळाडूच्या संगणकाची भाषा विचारा. जर्मन, फ्रेंच आणि इतर अनेक भाषांच्या रचनेत दशांशचिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. तुमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आवाजाची पातळी ०.८ अशी लिहिली असेल आणि वाचणारे फंक्शन संगणकाच्या भाषेप्रमाणे चालत असेल, तर ते शून्यापर्यंत वाचते, टिंबापाशी थांबते, आणि आवाज शून्य होतो. दोष विंडोजवरही येतो, पण लिनक्सवर अधिक भेटतो, कारण सी भाषेतील कित्येक लायब्ररी सुरू होतानाच सिस्टिमची भाषारचना स्वीकारतात.

याचाच भाऊ म्हणजे तुर्की भाषेतील ‘आय’. त्या भाषेत कॅपिटल ‘आय’चे छोटे रूप बिनटिंबाचे असते, त्यामुळे नावे छोट्या अक्षरांत बदलून तुलना करणारा सी-शार्प कोड तेथे अचानक चुकतो. फाइलीत लिहिण्या-वाचण्यासाठी नेहमी भाषानिरपेक्ष रूप वापरावे, भाषेनुसार बदल फक्त खेळाडूला दिसणाऱ्या आकड्यांत करावा, आणि महिन्यातून एकदा आपली सिस्टिम जर्मन करून गेम चालवावा.

१३. माझ्या लिनक्सवर चालणारी बिल्ड दुसऱ्याच्या लिनक्सवर ‘जीलिबसीची आवृत्ती सापडत नाही’ असे म्हणते. उपाय काय?

जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी आहे. तिच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालतो, उलट मात्र होत नाही. डेबियन ११ मध्ये ती २.३१ आहे आणि उबुंटू २२.०४ मध्ये २.३५, त्यामुळे दुसऱ्यावर बांधलेले पहिल्यावर चालेलच असे नाही. म्हणून बिल्ड नेहमी जुन्या सिस्टिमवर बांधावी. त्यासाठी जुना संगणक लागत नाही, कंटेनर, म्हणजे संगणकात वेगळी ठेवलेली जुन्या सिस्टिमची प्रत, पुरतो. स्टीमचा ‘स्नायपर’ नावाचा रनटाइम डेबियन ११ वरच आधारलेला आहे आणि त्यातच बांधलेला गेम बहुतेक सगळीकडे जातो. ज्या मोजक्या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, जीलिबसीऐवजी दुसरी लायब्ररी वापरतात, त्यांच्यासाठी लागणाऱ्या लायब्ररींसह प्रोग्रॅम देणारा फ्लॅटपॅक हा सोपा मार्ग आहे.

गोडोची अधिकृत निर्यात वापरणाऱ्याला हे सहसा भेडसावत नाही, कारण ते काम इंजिनच्या लोकांनी आधीच केलेले असते. बाहेरचे प्लगिन जोडले की मात्र प्रश्न परत येतो, कारण ते प्लगिन कोणी कोठे बांधले हे तुम्हाला ठाऊक नसते.

१४. बीएसडी आणि हायकूसाठी काही करता येते का, की तो फक्त हौसेचा भाग आहे?

हौस त्यात आहेच, पण थोड्या काळजीने बरेच साधते. फ्रीबीएसडीवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणारा थर आहे, त्यामुळे कधी कधी तुमची लिनक्स बिल्डच पुरते. ओपनबीएसडीने तसा थर २०१६ मधील ६.० आवृत्तीत काढून टाकला, म्हणून तेथे गेम त्या सिस्टिमसाठीच बांधलेला लागतो. तरीही तेथे विकत घेतलेले कित्येक स्वतंत्र गेम चालतात, आणि याचे श्रेय एफएनएला आहे. एथन ली यांचे एफएनए म्हणजे मायक्रोसॉफ्टने सोडून दिलेल्या एक्सएनए या गेम-साधनसंचाची नव्याने केलेली मुक्त रचना. अशा गेमचा सी-शार्प भाग कोणत्याही सिस्टिमला बांधलेला नसतो, आणि एसडीएलसारख्या मोजक्या लायब्ररी त्या त्या सिस्टिमवर मिळाल्या की तोच गेम उभा राहतो, निर्मात्याने काही केलेले नसतानाही. लव्हच्या गेमचेही तसेच : जेथे लव्ह आहे तेथे तुमची एकच फाइल चालते.

गोडोच्या मूळ कोडमध्ये लिनक्स आणि बीएसडी यांचा भाग एकत्रच आहे, पण बीएसडीसाठी तयार बिल्ड अधिकृतपणे मिळत नाही. ती त्या सिस्टिमच्या पॅकेजांतून घ्यावी किंवा स्वतः बांधावी. हायकूची हकीकत सांगण्यासारखी आहे. बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परंपरेतील या सिस्टिमची पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. गोडोच्या ३ मालिकेत हायकूचा भाग मूळ कोडमध्ये होता, पण तो सांभाळायला कोणी उरले नाही, म्हणून ४ मालिकेत तो वगळला गेला. हायकूवर त्रिमितीय चित्रण मुख्यतः प्रोसेसरच्याच बळावर होत आले आहे, त्यामुळे तेथे एसडीएलवरचा हलका द्विमितीय गेम द्यावा. तो छान चालतो.

अशा सिस्टिमवरून कोणी बिल्ड मागितली तर त्यालाच चाचणी करशील का असे विचारावे. बहुधा तो आनंदाने तयार होतो. ‘अधिकृत पाठिंबा’ असे मात्र स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कोठेही लिहू नये.

१५. मॅकओएसचे काय?

मॅक हा वेगळाच मामला आहे. अ‍ॅपलने २०१८ मध्ये ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स यंत्रणेला निवृत्तीच्या यादीत टाकले आणि २०१९ मध्ये ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले, त्यामुळे जुने असंख्य गेम एका अद्यतनात गेले. व्हल्कन तेथे थेट नाही. व्हल्कनच्या आज्ञा अ‍ॅपलच्या मेटल या ग्राफिक्स यंत्रणेत बदलणारे मोल्टनव्हीके वापरावे लागते किंवा थेट मेटल. गोडोमध्ये ४.४ पासून अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर मेटल आहे. गेम स्वाक्षरीकृत आणि अ‍ॅपलकडून तपासून घेतलेला नसेल तर खेळाडूला भीतिदायक इशारा दिसतो, आणि तो टाळण्यासाठी विकासकाचे वार्षिक सदस्यत्व लागते, ज्याचे शुल्क ९९ डॉलर आहे. मॅक जवळ नसेल आणि ते शुल्क जड वाटत असेल, तर आधी लिनक्स करावे.

१६. लिनक्ससाठी झिप द्यावी, अ‍ॅपइमेज की फ्लॅटपॅक?

स्टीमवर असाल तर हा प्रश्नच नाही. इतरत्र साधा संकुचित संच पुरतो, पण तो विंडोजवर झिप केला तर ‘ही फाइल चालवता येते’ ही खूण हरवते आणि खेळाडूने दोनदा क्लिक केले तरी काहीच होत नाही. म्हणून संच लिनक्सवर टार स्वरूपात करावा. इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर बटलर या साधनाने चढवल्यास ते ही खूण स्वतः दुरुस्त करते. अ‍ॅपइमेज एकाच फाइलीत सगळे देते. फ्लॅटपॅक सर्वांत सर्वव्यापी आहे, पण सुरुवातीची मांडणी करायला दोन-तीन संध्याकाळी जातात.

खेळाडूची प्रगती गेमच्या फोल्डरमध्ये कधीही जतन करू नये, कारण शेवटच्या दोन्ही प्रकारांत तेथे लिहिण्याची परवानगीच नसते. प्रत्येक सिस्टिमने त्यासाठी खेळाडूच्या घरफोल्डरमध्ये जागा ठरवून दिली आहे आणि बहुतेक इंजिने ती विचारल्यावर सांगतात.

१७. गेममध्ये देवनागरी अक्षरे तुटतात, वेलांट्या चुकीच्या जागी जातात. इंजिन बदलावे लागेल का?

कदाचित. ‘स्थिती’ हा शब्द फाइलीत स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी या क्रमाने साठवलेला असतो. जोडाक्षर घडवणे आणि ऱ्हस्व वेलांटी सगळ्या जोडाक्षराच्या अलीकडे नेणे हे काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. ती नसेल तर स पायमोडका राहतो आणि वेलांटी थ च्या पलीकडे लोंबकळते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, आणि लोक नेमका तोच उपाय आधी करून पाहतात.

गोडो ४ मध्ये हार्फबझ आहे, ३ मालिकेत नव्हते. एसडीएलची मजकूर-लायब्ररी हार्फबझसह बांधली असेल तर चालते. रेलिब एकेक चिन्ह सुटे काढते, त्यामुळे तेथे ते काम स्वतः जोडावे लागते. फॉन्ट मात्र गेमसोबतच द्यावा, कारण समोरच्या सिस्टिमवर देवनागरीचा फॉन्ट असेलच असे नाही. नोटो आणि मुक्त फॉन्ट परवान्याखालील इतर फॉन्ट गेममध्ये घालून वाटता येतात.

१८. ती सिस्टिम माझ्याकडे नसेल तर चाचणी कशी करायची?

पेनड्राइव्हवरून थेट सुरू होणारे लिनक्स हा सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण त्यात खरे ग्राफिक्स कार्ड वापरले जाते आणि संगणकावरील काही बदलत नाही. आभासी यंत्रात त्रिमितीय चित्रण कमकुवत असते, तरीही गेम सुरू होतो का, फाइली सापडतात का, जतन होते का, एवढे त्यात नक्की कळते. हायकू आणि बीएसडीसाठी तर तेच सोयीचे पडते. प्रत्येक बदलानंतर बिल्ड आपोआप बांधण्याची सोय लावावी. इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेला एक जुना लॅपटॉप जवळ असावा, कारण वेगाच्या तक्रारी प्रामुख्याने तशाच यंत्रांवरून येतात.

१९. ओपन सोर्स इंजिनवर केलेला गेम कन्सोलवर नेता येतो का?

येतो, पण थेट नाही. कन्सोलची विकास-साधने गोपनीयतेच्या कराराखाली मिळतात आणि त्यांचा कोड ओपन सोर्स प्रकल्पात ठेवता येत नाही, त्यामुळे गोडोच्या अधिकृत प्रतीत ती निर्यात नाही. गोडोच्या काही प्रमुख विकासकांनी स्थापलेली डब्ल्यूफोर गेम्स आणि इतर काही कंपन्या ही सेवा देतात. एफएनए आणि मोनोगेमवरचे कित्येक गेम कन्सोलवर पोहोचलेले आहेत.

२०. इंजिनमध्येच बग निघाला, किंवा उद्या इंजिनचे काम थांबले, तर माझा गेम अडकणार का?

बग आधी लहानात लहान प्रकल्पात पुन्हा घडवून दाखवावा आणि त्या प्रकल्पासह नोंदवावा. तसे केले की दुरुस्ती लवकर मिळते. थांबणे शक्य नसेल तर कोड तुमच्याकडे आहे : दुरुस्ती करावी, आपली प्रत बांधावी आणि तीच वापरावी. त्यासाठी एक पूर्वतयारी हवी. ज्या आवृत्तीवर गेम बेतला आहे तिचा संपूर्ण कोड आणि तो बांधायच्या पायऱ्या गेमच्या कोडसोबतच जपून ठेवाव्यात, आणि एकदा तरी त्या पायऱ्यांनी इंजिन खरोखर बांधून पाहावे.

बंद कोडची एखादी लायब्ररी वापरली असेल तर ती वेगळी काढता येईल अशा रीतीने जोडावी. डिसेंबर १९९७ मध्ये डूमचा कोड खुला झाला तेव्हा मूळ डॉसच्या आवृत्तीतील आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती आणि ती देता येत नव्हती, म्हणून जगाला मिळाला तो लिनक्सच्या आवृत्तीचा कोड. त्या काळी जेमतेम काही लोकांसाठी केलेल्या त्या पोर्टपासूनच डूमच्या पुढच्या सगळ्या मुक्त आवृत्त्या निघाल्या.